शिंपले मोजणाऱ्या दोघी

व्हर्जिनियातल्या विद्यापीठात पीएचडीला गेले तेव्हा आमच्या लॅबमध्ये सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायचे. प्राध्यापकांनासुद्धा. साठीकडे झुकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस, आणि कालपरवा आलेली मुलं त्याला नावाने बोलवायची. मला ते जमेना. प्राध्यापकांचं मी 'सर'वर भागवलं, पण मला काम शिकवायला जी मुलगी नेमली होती, माझ्याहून तीन वर्षं पुढची, तिचं काय करायचं ते कळेना. पहिला आठवडा मी तिला हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची आणि तिचं लक्ष जायची वाट बघायची. शेवटी तिनेच विचारलं, तुमच्याकडे मोठ्या मुलीला काय म्हणतात? मी म्हटलं, ताई. तिने दोन-तीनदा म्हणून पाहिलं. 'त'चा पार 'ट' झाला होता, पण शब्द तिला आवडला.

"मला धाकटी बहीण नाही," ती म्हणाली. "चालेल."

तेव्हापासून ती माझी ताई. बाकी कुणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता आणि आम्ही तो कुणाला सांगितला नाही.

ती त्याच राज्याच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातली. आई वृद्धाश्रमात परिचारिकेच्या हाताखाली काम करायची, वडील लवकर गेलेले. आमच्या सगळ्या विभागात ती एकटीच काळी विद्यार्थिनी होती. मी भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठच्या गावातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नागपूरला एमएस्सी करून, दोन वर्षं अर्ज करून करून तिथवर पोचले होते.

आमचं काम शिंपल्यांचं. नदीच्या तळाच्या वाळूगोट्यांत शिंपले अर्धे पुरून घेऊन राहतात आणि पाणी गाळत बसतात. काही जाती माणसाइतक्या जगतात. पाणी बिघडलं की आधी मरतात ते हेच, आणि मेलेले कुणाला दिसतही नाहीत. म्हणून दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी जाऊन ते मोजायचे. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालायची, बूट तिलाच जोडलेले, आणि काचेच्या तळाची बादली पाण्यावर टेकवून वाकून बघत बघत प्रवाहाच्या उलट दिशेने सरकायचं. मला पहिले काही दिवस नुसते दगड दिसत होते. ताई म्हणाली, डोळ्यांनी शोधू नकोस, बोटांनी शोध. तिने माझा हात धरून वाळूत खुपसला. गोट्यांच्या मधे एक गोटा वेगळा लागला, कडेला किंचित धार असलेला. वर काढला तर शिंपला. तिने तो माझ्या तळहातावर ठेवून जात सांगितली, वय कसं बघायचं ते सांगितलं, आणि मग तो परत कसा ठेवायचा ते दाखवलं. नुसता टाकायचा नाही. ज्या बाजूने तो वाळूत रुतलेला असतो तीच बाजू खाली करून, बोटाने खड्डा करून, रोपटं लावावं तसा लावायचा. उलटा पडला तर बिचाऱ्याला स्वतःला सरळ करायला फार दम लागतो, ती म्हणाली. लॅबमधली इतर मुलं लावायची, पण घाईने. तिला मी एकदाही घाईने लावताना पाहिलं नाही.

मी आले त्या वर्षीच्या पहिल्या सेमिनारमध्ये सरांनी नव्या मुलांना विचारलं होतं, तुमच्या लहानपणच्या नदीबद्दल सांगा. कुणी आजोबांच्या होडीचं सांगितलं, कुणी सुट्टीतल्या तंबूचं. मी नदीचं नाव सांगितलं, ती केवढी मोठी आहे ते सांगितलं आणि बसले. खरं सांगण्यासारखं होतं ते वेगळंच. माझ्या आईच्या माहेरी, कामं नसायची त्या दिवसांत, बाया नदीवर जाऊन शिंपले काढायच्या आणि उकडून, तिखटमीठ घालून घरात तेच शिजायचं. गावातली इतर मुलं त्यावरून आईच्या भावांना चिडवायची. आईने हे मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. पुढे नदीतच काम करताना एका दुपारी, काठावर सँडविच खात बसलो असताना, मी हे ताईला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. ती हसली नाही, 'अरेरे'ही म्हणाली नाही. विचारलं, चव कशी असते? मी म्हटलं, मी कधी खाल्ले नाहीत. मग तिने सांगितलं की तिचे आजोबा शिंपले फोडून गळाला लावायचे, आणि त्यांना न बघता नुसत्या हाताने जाती कळायच्या, फक्त त्यांची नावं वेगळी होती. ती सगळी नावं तिने मला म्हणून दाखवली. 'म्हातारीचं पाऊल' असं काहीतरी एकाचं होतं. सरांना सांगितलीस का, असं मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "ते त्याला गंमत म्हणतील."

हिवाळ्यात नदीकाम बंद असतं. आमच्या मजल्यावर शेजारच्या लॅबमध्ये पुण्याचा एक पोस्टडॉक होता, पीएचडी होऊन पुढचं संशोधन करणारा. मराठी ऐकायला मिळेल म्हणून सुरुवातीला मी त्याच्याशी बोलायला उत्सुक असायची. तोही बरा वागायचा. एकदा कॉफी घेताना त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मग कॉफी ढवळत अगदी कौतुकाने म्हणाला, "इकडे कोटा नसतो ना. तरी आलीस. म्हणजे खरंच हुशार आहेस हं तू."

मी 'हो' म्हटलं आणि आत आले. दिवसभर कामात लक्ष लागेना. माझ्या समोर सूक्ष्मदर्शक होता आणि मी त्याच्याकडे बघत विचार करत होते, की हे मला नागपूरला ऐकावं लागलं, मुंबईला व्हिसासाठी गेले तेव्हा रांगेतल्या एका बाईने ऐकवलं, आणि आता इथेही. इथे तरी मी नुसती शिंपल्यांची मुलगी असेन असं मला वाटलं होतं. ताईने विचारलं काय झालं, तर मी तब्येतीचं सांगितलं.

तिला ते कळलं एप्रिलमध्ये. वॉशिंग्टनजवळ हर्नडनला माझा मामेभाऊ राहायचा, तो आणि वहिनी दोघंही आयटीत. आमची तिथली मंडळी दरवर्षी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जयंती करायची. मला न्यायला यायला भावाला वेळ नव्हता आणि मला अजून गाडी येत नव्हती, तेव्हा ताई म्हणाली, मी सोडते. वाटेत तिने साहजिकच विचारलं, कसली जयंती, कुणाची? एका वाक्यात ते सांगता येत नाही. मी पार गावापासून सुरू केलं. विहीर, शाळेतली बसायची जागा, आईचे शिंपले, आणि मग तो पोस्टडॉक. ती गाडी चालवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला इथे बघून लोक इंडियन समजतात, आणि इंडियन तुला बघून दुसरंच समजतात."

"हो."

"आणि शास्त्रज्ञ कोण समजतं?"

मी पुढचा फाटा दाखवला. तिने गाडी वळवली.

हॉलमध्ये निळे झेंडे, पाठीमागे फोटो, त्याला हार. बुद्धवंदना झाली, मुलांची भाषणं झाली. मुलं इथेच जन्मलेली. 'जय भीम' म्हणून सुरुवात करायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत. वहिनी कार्यक्रमाच्या कमिटीवर होती. ताई कोण आहे हे कळल्यावर तिने माझ्या कानात विचारलं, त्या दोन शब्द बोलतील का मुलांसाठी? मला संकोच वाटला, पण ताई लगेच उठली. माइक घेतला नाही. मुलांना खाली बसवलं आणि त्यांच्यात बसून शिंपल्यांबद्दल सांगायला लागली. शिंपल्याचं पिल्लू माशाच्या कल्ल्याला धरून प्रवास करतं, आणि माशाने जवळ यावं म्हणून शिंपल्याची आई आपल्या अंगाचाच एक भाग छोट्या माशासारखा हलवते, हे ती हाताने करून दाखवत होती. मागे जेवणाच्या टेबलांवर पातेल्यांची झाकणं वाजत होती तीही थांबली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेली, एकदम इंग्रजीत म्हणाली, पण तुम्ही खऱ्या शास्त्रज्ञ आहात का, की शास्त्रज्ञांना मदत करता? तिची आई मागून "अगं" म्हणाली. ताईला राग आला नाही. म्हणाली, तुला काय वाटतं? मुलीने तिला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "खऱ्या. कारण तुम्हाला विचारलं की तुम्ही थांबून विचार करता."

परतताना ताई खूश होती. वहिनीने दोघींना डबे भरून दिले होते. सिग्नलला गाडी थांबली की ती डबा उघडून वडा मोडून खायची. म्हणाली, पदवी मिळाली की माझ्या गावातल्या चर्चमध्ये असंच मुलांना घेऊन बसणार आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या ठरलेल्या जागांपैकी एक जागा एका लहान पुलाखाली होती. आजूबाजूला कुरणं, लांबवर एक घर. नदीत उतरायची परवानगी आमच्याकडे होती. पूल सरकारी, नदी सरकारी. तिथे ताई पाच उन्हाळे येत होती. त्या दिवशी पाणी कंबरेपर्यंत होतं आणि गार होतं. काठावर एक माणूस कुत्रा घेऊन आला, थोडा वेळ उभा राहिला. ताईने मान वर करून त्याला नमस्कार केला, काय करतोय ते सांगितलं. तो खिशातून फोन काढत निघून गेला. आम्ही पुन्हा वाकलो.

थोड्या वेळाने पुलावर गाडीची दारं आपटल्याचा आवाज आला. शेरीफच्या ऑफिसची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी होती. दोन अधिकारी कठड्याशी आले. त्यातला तरुण होता त्याने ओरडून सांगितलं, हात दिसतील असे ठेवा. मी हात वर केले. ताईनेही केले. तिच्या उजव्या हातात नुकताच काढलेला शिंपला होता.

"हातात काय आहे?"

ताईने सांगितलं, शिंपला आहे, आम्ही विद्यापीठातून आलो आहोत.

"टाक ते."

ती तो खाली ठेवायला वाकायला लागली. तिची नेहमीची सवय. वरून तो पुन्हा ओरडला, वाकू नकोस, टाक. त्याचा हात कमरेवर गेला होता. ताईने बोटं उघडली. शिंपला पाण्यात पडला.

मग प्रश्न सुरू झाले. इथलं मुख्य कोण, हे त्याने विचारलं. ताई म्हणाली, मी. त्याने पुन्हा विचारलं, की तुमचा मुख्य कोण आहे, तो कुठे आहे? तिने पुन्हा सांगितलं, मीच आहे, हा माझा सर्व्हे आहे. मग त्याने माझ्याकडे बघितलं. परवानगीचा कागद माझ्या छातीच्या खिशात होता, पण खिशात हात घालायची मला भीती वाटत होती. मी तसं सांगितलं. दुसरा अधिकारी वयस्कर होता, तो खाली पाण्यात उतरून आला आणि त्याने कागद स्वतः काढून घेतला. कागद वाचूनही त्यांचं समाधान झालं नाही. सरांना फोन लावला. सर क्लासमध्ये होते. तोवर आम्ही दोघी पाण्यात उभ्या, हात वर. बाहेर येऊ का असं ताईने विचारलं, तर आहात तिथेच राहा म्हणाले. माझे दात वाजायला लागले. ताई अगदी स्थिर होती, समोर बघत. सरांचा फोन आला, त्यांनी खात्री दिली, मग वयस्कर अधिकारी म्हणाला, सॉरी मॅम, तक्रार आली की आम्हाला यावं लागतं. आणि ते गेले.

मला वाटलं आता सामान आवरून निघू. ताई जिथे उभी होती तिथेच खाली वाकली आणि पाण्यात हात घालून चाचपू लागली. बराच वेळ ती चाचपत होती. मी म्हटलं, ताई, चल. ती म्हणाली, थांब. शेवटी तिला तो सापडला. प्रवाहाने थोडा खाली गेला होता. तिने खड्डा केला, तो नीट लावला, भोवती वाळू दाबली. मग बादली उचलून आम्ही जिथे थांबलो होतो तिथून पुढे मोजायला लागली. ती जागा तिने पुरी केली. मी मागून आकडे लिहीत होते.

गाडीत बसल्यावर मात्र तिला किल्ली घालता येईना. किल्ली दोनदा खाली पडली. मला गाडी येत नव्हती. म्हणून आम्ही तिथेच बसून राहिलो, हीटर नाही, ओले कपडे, काचांवर वाफ. मी तिचे हात माझ्या हातात घेऊन चोळत होते. तिने एवढंच म्हटलं, "मी आजवर एकही असा टाकला नव्हता."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच फार लागलं. त्यांनी शेरीफच्या ऑफिसला पत्र लिहिलं, विभागाच्या मीटिंगमध्ये बोलले, बोलताना त्यांचा चेहरा लाल झाला होता. पत्राला उत्तर आलं नाही. मग त्यांनी उपाय काढला. विद्यापीठाचं नाव लिहिलेली चमकदार जाकिटं आणली आणि आमच्याबरोबर पहिल्या वर्षाचा एक मुलगा द्यायचं ठरवलं. ओहायोकडचा गोरा मुलगा, उंच, लाजाळू. तो चांगला होता. पण त्याला दगड आणि शिंपला यांतला फरक अजून कळत नव्हता. काठावर कुणी आलं की थेट त्याच्याशी बोलायचं. काय चाललंय, कसला अभ्यास आहे? तो गडबडून ताईकडे बोट करायचा, आमच्या लीडर त्या आहेत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ताई हसली. दुसऱ्यांदाही हसली. पुढे पुढे कुणी काठावर दिसलं की ती आपणहून पाठ फिरवून लांब जायची, आणि तो बोलायचा. त्याने तोवर बोलणं शिकून घेतलं होतं.

ऑगस्टमध्ये एकदा आमची गाडी एका पुलाशी थांबली आणि ती उतरली नाही. म्हणाली, तुम्ही दोघं करा, मी इथे आकडे बघते. मला वाटलं बरं नसेल. त्याच्या पुढच्या वेळी ती आलीच नाही. सरांशी बोलून तिने प्रबंधाचा विषय बदलून घेतला. आता लॅबमध्ये बसून जुन्या शिंपल्यांवरची वलयं मोजायची. तेही शास्त्रच होतं. सर म्हणाले, हुशारीचा निर्णय आहे, लवकर संपेल. मीही तसंच स्वतःला सांगत होते. पण ती काचेखाली शिंपला ठेवून तासन् तास बसायची आणि वहीत काही लिहायची नाही. पूर्वी सेमिनारमध्ये सगळ्यांत आधी तिचा हात वर जायचा. आता ती दाराजवळची खुर्ची घ्यायची.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी ती म्हणाली, मी पीएचडी सोडते, मास्टर्स घेऊन थांबते. आम्ही लॅबच्या मागच्या बाकावर बसलो होतो, पानं सगळी गळून गेली होती. मी पुष्कळ बोलले. की एवढीच दोन वर्षं राहिलीत, की तुझ्याइतकं हे कुणाला येत नाही, की तू गेलीस तर मी कुणाला विचारू. त्या लहान मुलीची आठवण दिली. चर्चचं बोलली होतीस ना, म्हटलं. 

"तुला एक सांगू," ती म्हणाली. "नदीत असताना मी कोण आहे हे मला कधी आठवायला लागत नसे. तेवढ्यासाठी मी यात आले. आता पाण्यात पाय घातला की तेच आधी आठवतं. आणि ते आठवत असताना बोटांना काही लागत नाही गं. खरंच लागत नाही. मी करून बघितलं."

मी विचारलं, करून बघितलंस म्हणजे? तर ती सप्टेंबरात दोनदा एकटी गेली होती. उजाडताच, कुणी नसताना. आणि तिला एकही सापडला नव्हता. तिथे ते आहेत हे तिला माहीत होतं, तिनेच लावलेले होते.

मी तिला सांगू शकले असते की मलाही त्या पोस्टडॉकनंतर काही महिने सूक्ष्मदर्शकातलं दिसत नव्हतं. पण माझं पुन्हा दिसायला लागलं होतं, आणि ते कशाने, तर उन्हाळा येताच तिने मला पुन्हा हात धरून नदीत उतरवलं म्हणून. तिच्यासाठी तसं कुणी नव्हतं. मी होते, पण मी धाकटी होते. मला तिच्यापुढे चालता येत नव्हतं.

जानेवारीत ती गेली. निरोपाला सरांनी केक आणला. विभागाच्या वेबसाइटवर तिचा एक मोठा फोटो होता, उन्हात, रबरी विजार घालून, हातात बादली, हसतानाचा. ती गेल्यावरही तो तसाच राहिला. मला पदवी मिळाली तेव्हाही तो होता. नवीन येणाऱ्या मुली, विशेषतः काळ्या आणि आमच्यासारख्या, मला विचारायच्या, या कुठे बसतात, यांना भेटता येईल का? मी सांगायची, त्या आता इथे नसतात. एकदा मी ऑफिसात जाऊन तो फोटो काढायला सांगितला. तिथल्या बाई म्हणाल्या, पण किती छान आहे तो.

मी नदीकाम शेवटपर्यंत केलं. गाडी शिकले. ती जाकिटं घातली, कागद गळ्यात लटकवला, कुणी दिसलं की आधीच मोठ्याने बोलायची सवय लावून घेतली. माझ्या नंतर आलेल्या मुलींना मी शिंपला कसा लावायचा ते शिकवलं, आणि पोलीस आले तर काय करायचं तेही त्याच दिवशी शिकवलं. ते शिकवताना मला दर वेळी कसंतरी व्हायचं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी ताई आली नाही. मेसेज आला होता, ऑफिसात सुट्टी मिळत नाही म्हणून. भाऊ-वहिनी हर्नडनहून आले, गावाकडून आई-बाबा व्हिडिओवर होते, पोस्टडॉकही मागे बसला होता, टाळ्या वाजवत. सगळं झाल्यावर सरांनी मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली आणि हात पुढे केला. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. माझी नजर दाराजवळच्या खुर्चीकडे जात होती.

आता मी न्यू जर्सीत एका कॉलेजात शिकवते. जवळच्या आयसेलिनमधल्या आपल्याकडच्या दुकानदारांची, नर्सांची, ट्रक चालवणाऱ्यांची मुलं असतात. अर्ध्यांना वाटतं की बायॉलॉजी म्हणजे पाठांतर, आणि आपल्यासारख्यांनी पास होण्यापुरतं ते करायचं. त्यांना मी वर्षातून एकदा जवळच्या ओढ्यात उतरवते. त्यातल्या एखाद्याला काही सापडतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण पुढे त्याचं काय होईल, हे मी आता छातीठोकपणे सांगत नाही.

मागच्या वसंतात एका परिषदेसाठी दक्षिणेकडे गेले होते. ताई त्याच शहरात एका विमा कंपनीत आहे, घरांच्या नुकसानीचे दावे तपासते. तिच्या ऑफिसखालच्या उपाहारगृहात आम्ही जेवायला भेटलो. ती थोडी जाड झाली होती, केस बारीक कापले होते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आईचं सांगितलं, ती आता तिच्याकडेच राहते. मग तिने विचारलं, पुलाखालची जागा कशी आहे? मला वाटलं होतं ती विचारणार नाही. मी सांगितलं की दोन उन्हाळ्यांपूर्वी तिथे मर लागली. वाळू नुसती उघड्या, रिकाम्या शिंपल्यांनी पांढरी झाली होती. का ते कुणाला कळलेलं नाही.

तिने काटा खाली ठेवला. "मोठेच मेले की पिल्लंही? एकाच जातीचे की सगळे? पुलाच्या वरच्या बाजूलाही?" मी सांगत गेले तसतशी ती पुढे झुकली. मग म्हणाली, वरच्या बाजूला जिथे ओढा मिळतो तिथे बघा, तिथला तळ मऊ आहे, तिथे पिल्लं वाचली असतील. तिचा चेहरा क्षणभर अगदी पूर्वीसारखा झाला होता.

तेवढ्यात तिच्या ऑफिसातली एक बाई ताट घेऊन आमच्या टेबलाशी थांबली. ताईने ओळख करून दिली. म्हणाली, "ही शास्त्रज्ञ आहे. नद्यांवर काम करते. मी पूर्वी तिथे मदत करायचे."

मी म्हटलं, मदत नाही, तो सर्व्हे हिचा होता, मला हिनेच शिकवलं. ती बाई छान हसली, वा, किती इंटरेस्टिंग, म्हणाली आणि खिडकीकडच्या टेबलावर जाऊन बसली.

"सोड गं," ताई म्हणाली. "तिला काय त्याचं."

मग तिने माझ्या विद्यार्थ्यांबद्दल विचारलं. जेवण झाल्यावर मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. दुपारची मीटिंग होती, तिला घाई होती. दार बंद होताना तिने हात वर केला आणि मीही केला.